फिनेलनं धुतलेले हात

आज लेकीला तबल्याच्या क्लासला सोडलं, तिथं फिनेलनं फरशी पुसत होते. त्या वासानं मला एक जुनी गोष्ट आठवली.

लहानपणी खासबागेतल्या एका लग्नात हलगीवाल्या मारुतीमामांनी जाळावर शेकलेली गरम हलगी माझ्या हातात दिली होती. मी जेमतेम चार ठोके वाजवले, तोच माझ्या काकांनी मला नळावर ओढत नेलं. ते पोरांना पेटी शिकवायचे. मामांच्या देखतच त्यांनी माझे हात फिनेलनं धुतले.

"असलं वाजप आपलं न्हाय!" काका ओरडले.

तेव्हा मला माझ्याच हातांची किळस वाटली. आता काकांची वाटते.

आईनं माझे हात पदरानं पुसले आणि मला परत हलगीपाशी नेलं.

"मामा, शिकवा हिला. पेटीबी शिकंल, हलगीबी शिकंल."

मामांनी माझ्या बोटांत काठी नीट बसवली.