पाय कोरडेच राहिले

गेल्या पावसाळ्यात साताऱ्याकडच्या डोंगरातली सायकल शर्यत अर्ध्यावर सोडून धम्मदीपा आपल्या गावी जऊळक्याला परतली, तेव्हा विचारणाऱ्या प्रत्येकाला तिनं एकच सांगितलं, की पॅन्टनं घात केला. ते खोटंही नव्हतं. सुती ट्रॅकपॅन्ट पहिल्याच चढाला भिजून जड झाली, वाऱ्यानं मांड्या गारठल्या, ब्रेक दाबायला बोटं वळेनात. बाराव्या किलोमीटरला तिला चादरीत गुंडाळून खाली आणलं होतं.

यंदा ती बावीस वर्षांची. तेवीस वर्षांखालच्या गटात उतरायची ही शेवटची संधी, म्हणून जूनपासून ती पॅन्टच्याच मागे लागली. आधी मोटारसायकलवाले घालतात तशी प्लॅस्टिकची पॅन्ट शेलूबाजारातून आणली. बाहेरचं पाणी आत येईना, पण घामही बाहेर जाईना. तासाभरात ती आतून तितकीच ओली. त्यात सैल पायचा साखळीत अडकून टरकन फाटला आणि ती काळ्या चिखलात आडवी झाली.

तिचे वडील इंद्रभान रेल्वेत ट्रॅकमन, तीस पावसाळे रुळांवर काढलेला माणूस. शेवटी तेच तिच्यासोबत अकोल्याच्या दुकानात गेले. दुकानदारानं तिला आरशासमोर उभं केलं.

"उभी राहून काय पाह्यतं?" इंद्रभान म्हणाले. "सायकल काय उभ्यानं चालवतं? बस खाली, गुडघे मोड."

ती स्टुलावर बसून पॅडल मारल्यासारखे पाय फिरवू लागली. पहिली पॅन्ट गुडघ्यात ताणली आणि मागून कंबर उघडी पडली. दुसरी इंद्रभाननी उलटी करून शिवणीवरून बोट फिरवलं. आतून पट्टी चिकटवलेली नव्हती.

"कापड कितीबी चांगलं असू दे बाई, पाणी शिवणीतून येते."

तिसरी बसली. गुडघ्याला वाकवूनच शिवलेली, मागं उंच, मांडीला हवा खेळायला चेन, घोट्याशी आवळायला पट्टा. घरी आल्यावर आई पंचफुलानं अंगणात तिच्या पायांवर बादलीभर पाणी ओतलं. पाय कोरडे निघाले. तिघंही हसली. त्या रात्री धम्मदीपाला शांत झोप लागली.

जुलैत शर्यत झाली आणि पाऊस गेल्या वर्षीपेक्षा जोराचा होता. चाकांखालून लाल पाणी वाहत होतं. बारावा किलोमीटर आला नि गेला. थंडी वाजली नाही. बोटं शाबूत होती, पॅन्टच्या आत ऊब होती. मात्र पुढच्या मुली केव्हाच दिसेनाशा झाल्या होत्या. तिनं गियर उतरवला, अजून एक उतरवला. पाय रेटत होते, सायकल चढत नव्हती. एवढ्यात मागून एक मुलगी आली, साध्या आखूड चड्डीत, गुडघ्यांवर चिखलाचा थर आणि मांड्यांवरून पाणी निथळतंय. तिनं धम्मदीपाकडे पाहिलंसुद्धा नाही. वळणावर ती नाहीशी झाली.

अडतीस जणींत धम्मदीपा चौतिसावी आली. ती पोचली तेव्हा अंतिम रेषेजवळच्या मंडपाची ताडपत्री सोडत होते.

इंद्रभानचा फोन आला. "पॅन्टनं दगा तं नाई देला ना?"

"नाई बाबा. पाय कोरडे हायेत."

"मंग काय झालं?"

गेलं वर्षभर जवळ बाळगलेलं कारण आता उरलं नव्हतं. दम कमी पडला म्हणावं, तर पहाटे उठून मारलेल्या सरावाच्या सगळ्या फेऱ्या डोळ्यांपुढे येत होत्या. याहून जास्त तिला करता आलं नसतं, आणि हेच तिला सोसवेना.

"ये घरी," इंद्रभान म्हणाले.

घरी परतली त्या दुपारी ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाहेर शेजारच्या धुरपताबाई आल्या.

"काय झालं वं पोरीच्या शर्यतीचं?"

"लई पाऊस होता म्हणे तिकडं," पंचफुला म्हणाली. "कपडे भिजले, गारठली बिचारी. नाई तं पहिलीच येत होती."

धम्मदीपानं ते ऐकलं. उठून बाहेर जावं आणि आईला थांबवावं, असं तिला वाटलं. ती उठली नाही. आई पावसाचं वर्णन करतच राहिली.