आमच्या ओट्याची सुरक्षा मोहीम

आमच्या डोंबिवलीच्या घरात वर्षानुवर्षं विनाअपघात स्वयंपाक होत होता. मग मी सुरक्षेची काळजी घ्यायला लागलो.

झालं असं, की कोलशेतला ज्या रंगाच्या कारखान्यात मी स्टोअर्समध्ये होतो, तिथे दोन दिवसांचं सुरक्षा प्रशिक्षण झालं. साहेबांनी भाजलेल्या हातांचे फोटो पडद्यावर दाखवले आणि शेवटी म्हणाले, "कारखान्यापेक्षा तुमचं स्वयंपाकघर जास्त धोक्याचं आहे!" बाकीचे समोशांकडे वळले. मी सुन्न. त्या धोक्याच्या जागी माझी बायको नलिनी आणि सत्तरीची आई रोज पहाटेपासून वावरत होत्या आणि मी बाहेर पेपर वाचत होतो! (आत जाऊन हातभार लावावा, हे मात्र सुचलं नाही. सुरक्षा वेगळी, मदत वेगळी.)

घरी आलो तो निश्चय करूनच. पहिली कुऱ्हाड विळीवर.

"आई, उद्यापासून विळी बंद! उघडं पातं आहे ते."

"अरे विनू, साठ वर्षं या विळीवर चिरतेय मी. कधी ओरखडा आला नाही."

"म्हणजे आता यायची वेळ झाली!"

विळी माळ्यावर टाकली आणि आईच्या हातात नवीकोरी सुरी दिली. साठ वर्षांत न कापलेलं बोट दुसऱ्याच दिवशी दोडक्याबरोबर कापलं गेलं. आईने जखमेवर हळद दाबली आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. एखादा शहाणा माणूस इथे थांबला असता. मला वाटलं, बघा, किती धोकादायक असतं स्वयंपाकघर! मी मोहीम आणखी कडक केली.

भिंतीवर एकवीस नियमांचा कागद लागला. कढईचे कान आत. नायलॉनची साडी बंद. गॅलरीत वाळूची बादली, आग लागलीच तर हाताशी असावी म्हणून. आणि रोज सकाळी मी स्वतः ओट्याखाली वाकून गॅसच्या नळीला आणि रेग्युलेटरला साबणाचं पाणी लावायचो. बुडबुडा आला की गळती!

"अहो, चहा टाकायचाय मला," नलिनी म्हणायची.

"थांब. बुडबुडा दिसतोय."

"तो साबणाचा आहे. कालही तोच होता!"

महिनाभर गळती कधी सापडली नाही. ओट्यासमोरची फरशी मात्र कायम बुळबुळीत. (एकवीस नियमांत फरशीचा नियम नव्हता. तो बाविसावा.)

मग एका रविवारी मी तालीम घ्यायचं ठरवलं. कारखान्यात भोंगा वाजवून घेतात, तशी. नलिनी पुऱ्या लाटून बसली होती, कढईतलं तेल तापत होतं. मी दारात उभा राहून ताटलीवर पळी बडवली.

"आग! आग! सगळ्यांनी बाहेर!"

आई घाबरून उठली. नलिनी उठलीच नाही. "कुठे आहे आग?"

"समजायची आहे. चला, बाहेरच्या खोलीत!"

दोघींना मी भिंतीला टेकून उभं केलं आणि बोलायला सुरुवात केली. तेलाने पेट घेतला तर काय करावं, पाणी का ओतू नये, घाबरून पळू नये. विषय रंगला. मला वाटतं, आयुष्यात इतका चांगला मी कधी बोललो नव्हतो.

"अहो..." नलिनीने मध्येच बोट वर केलं.

"प्रश्न शेवटी."

"प्रश्न नाहीये, गॅसवर तेल..."

"तेच तर सांगतोय मी! गॅसवरचं तेल हा घरातला सगळ्यात मोठा शत्रू. त्याला एक क्षणही एकटं सोडू नये!"

"विनू," आई नाक वर करून म्हणाली, "करपल्याचा वास येतोय रे."

वळून बघितलं तर दारातून काळा धूर. आत कढईवर हातभर उंच ज्वाळा!

घाबरून पळू नये, हे मी दोन मिनिटांपूर्वीच सांगितलं होतं. मी पळालो. गॅलरीत वाळूची बादली उचलली, तर तिच्यात वीतभर कोथिंबीर!

"आई! हे काय?"

"नुसतीच पडली होती. माती घालून धणे पेरले. उपटू नकोस हां, आत्ता कुठे आलीये!"

मग मी मोरीतली पाण्याची बादली उचलली. हो, पाण्याची! ते का ओतू नये, याची तीन कारणं सांगून तोंड सुकलं होतं, तरी मीच ती उचलली आणि ओट्याकडे धावलो.

"पाणी नको!" नलिनी किंचाळली. तोवर तिने गॅसचं बटण बंद केलं होतं. पुढच्या क्षणी तिने परातीएवढं झाकण उचललं, आडवं धरून कढईवर सरकवलं आणि मागे झाली. आग विझली. सगळं मिळून दहा सेकंद!

मला मात्र थांबता आलं नाही. पाय माझ्याच साबणाच्या फेसावर पडला. बादली एकीकडे, मी दुसरीकडे आणि उजवा हात माझ्या खाली. निदान पाणी कढईत गेलं नाही, सगळं माझ्याच अंगावर आलं.

आवाज ऐकून शेजारच्या हिरामावशी धावत आल्या. खाडीवरच्या कोळी घरातल्या त्या, दंडाला भक्कम. "काय झाला गो? कोन परला?" म्हणत त्यांनी मला पापलेटासारखं उचलून खुर्चीत ठेवला.

नलिनी माझ्याशेजारी बसली. "लागलं का हो फार?" म्हणाली आणि एकदम रडायलाच लागली. ज्वाळा तिच्या चेहऱ्यापासून किती जवळ होत्या, ते मला तेव्हा कळलं. मनगटापेक्षा ते जास्त दुखलं.

प्लॅस्टर घालताना डॉक्टरांनी विचारलं, "कसे पडलात?"

मी तोंड उघडायच्या आत आईच म्हणाली, "अपघात टाळत होता."

सहा आठवडे मला स्वयंपाकघरात पाऊल टाकायची बंदी होती. विळी माळ्यावरून खाली आली, नियमांचा कागद पुऱ्यांचं तेल टिपायला गेला. त्या सहा आठवड्यांत कुणाला साधा चटका बसला नाही, बोट कापलं नाही, कुणी घसरलंही नाही.

माझ्या सुरक्षा मोहिमेला आलेलं एवढंच काय ते यश!