पाखरू खरं, जागा खोटी

काकाजी दुकानात आले की कपाळावरचा चष्मा नाकावर घेत, माझ्या मॉनिटरला जवळजवळ नाक लावत आणि चित्रातल्या पक्ष्यांचे पाय मोजू लागत. "एक, दोन, तीन, चार... बाबू, हा पाचवा पाय कोनाचा होय?"

तुमच्याकडेही असं एखादं गिऱ्हाईक येत असेल. नसेल तर सुखी आहात.

आमगावला बसस्टँडसमोर माझं लहानसं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, लग्नाचे फ्लेक्स आणि हल्ली व्हिडिओची थंबनेलं. व्हिडिओ उघडण्याआधी जे चित्र दिसतं ना, ते. लोक त्यालाच भुलतात. एआयला दोन ओळी लिहून दिल्या की मिनिटात चित्र हजर. कोंबडीपालनवाल्याला, भजन मंडळवाल्याला मी चहा येईपर्यंत मोकळं करतो. काकाजींना मात्र अख्खी दुपार लागे.

त्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या बांधबंदिस्त तुकड्यात, सारसाची जोडी घरटं करायची. काकाजी लांबून, फक्त पाखरंच दिसतील इतकं झूम करून तिचे व्हिडिओ काढत. आसपासच्या शेतकऱ्यांनी घरटं दिसलं की मोडू नये, चार पेंढ्या धान गेला तर जाऊ द्यावा, एवढंच त्यांचं सांगणं असे.

एआयला आमचा सारस काही केल्या जमेना. कधी बगळा, कधी गुलाबी रोहित पक्षी. एकदा तर तुराच फुटला. काकाजी भडकले. "हे कोंबडं कायले बसवलं आमच्या पाखराच्या डोक्यावर? मान लाल पायजे, टाळू राखडी." चित्रातल्या घरट्यात पाच अंडी आली तेव्हा म्हणाले, "पाच द्याले ते काय कोंबडी होय? दोनच देते ते." मी लाल बाण काढून 'पाहून थक्क व्हाल' लिहिलं. "कोन थक्क होऊन राहिला? काढ ते."

मागे रांगेत फॉर्म भरणारे ताटकळत आणि माझं डोकं उठे.

"काकाजी, तुमच्याजवळ खरा फोटो आहे ना? तोच लावू. कायले माझं डोकं खाता?"

फोटो होता, आणि फार सुंदर होता. पण तो फक्त मला नमुना म्हणून दिलेला.

"फोटूत जागा दिसते," ते म्हणाले. "जागा दिसली का लोक येतेत. लोक आले का पाखरू अंडे सोडून जाते. पाखरू खरं पायजे बाबू, जागा खोटी. तुया मशीनमधली जागा कोनालेच सापडत नाही, म्हनून तं येतो तुयाकडे."

त्यानंतर मी कुरकुर कमी केली. बंद नाही केली.

एका दुपारी त्यांनी चौथ्यांदा चित्र परत फिरवलं आणि तेवढ्यात त्यांची बस लागली. "बरोबर करून पाठव, मी टाकतो," असं म्हणत ते पळाले. मी पुरता वैतागलो होतो. सरळ त्यांचा फोटोच एआयला दिला आणि लिहिलं, पक्षी तसेच ठेव, बाकी सगळं बदल. झकास चित्र आलं. केशरी आभाळ, चमचमतं पाणी. मी पाय मोजले. चार. पाठवून दिलं.

संध्याकाळी त्यांचा आवाजी मेसेज आला. "आता जमलं पाहा, बाबू!" पहिल्यांदाच शाबासकी मिळाली होती. मी दुकानात दोघातिघांना ऐकवलीसुद्धा.

तो व्हिडिओ त्यांच्या आधीच्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा जास्त चालला. पण चित्राच्या कोपऱ्यात एक वाकडं मोहाचं झाड आणि त्याखाली मोटारपंपाची निळी खोली जशीच्या तशी राहिली होती. त्यांच्या बांधीजवळच्या रस्त्याने जाणारा कोणीही ओळखेल अशी. रविवारी गोंदियाहून पोरं मोटरसायकलींवर आली. ड्रोनही घेऊन आली.

मंगळवारी काकाजी आले. चष्मा कपाळावरच होता.

"ते चित्र काढता येते का?"

मी त्यांच्या मोबाइलवरून ते काढलं. "अंडी?" मी विचारलं.

"दोन होते. गार पडले."

मला वाटलं, आता शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या. मीच म्हणालो, "काकाजी, माझीच चूक आहे."

"तुयीच काऊन? मी बी पायच मोजले ना." मोबाइल खिशात टाकून ते बसकडे गेले. त्यानंतर दुकानाची पायरी ते चढले नाहीत.

आता दुपारी दुकान लवकर मोकळं होतं आणि ते मला आवडत नाही. परवा त्यांच्या गावचा एकजण सांगत होता, जोडी यंदा पुन्हा त्याच बांधीत उतरली आहे. मी गिऱ्हाइकांना थांबवून चित्र करायला बसलो. लाल मान, राखाडी टाळू, दोन अंडी. झाड नाही, खोली नाही, कुठलंच गाव नाही. एका पक्ष्याला एआयने तिसरा पाय काढला होता. तो मी मुद्दाम तसाच ठेवला आणि काकाजींना पाठवलं.

पाहिल्याच्या निळ्या खुणा लगेच आल्या, उत्तर अजून नाही. तेव्हापासून मी फोन उलटा ठेवलेला नाही.