चादरीवरच्या सिनेमाचा ठराव

आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. बाबा विडी कामगार बायकांच्या युनियनचं काम करायचे. मी अक्षरं गिरवली तीही जुन्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. बाबांचा नियम एकच: पत्रकात खोटं छापायचं नाही.

बारावीनंतर माझ्या मैत्रिणीला पुण्याला ॲनिमेशन शिकायचं होतं. जपानी कार्टूनपट बघून आम्ही दोघी खुळ्या झालो होतो. राक्षस-तलवारींचे नव्हे, साध्या पोरींचे. डबा, परीक्षा आणि रुसवेफुगवे यावर ज्यांचं सगळं चालतं ते. अर्ज भरायला चार दिवस उरले होते, त्यावर पालकांची सही हवी होती, आणि आईला विचारायचं धाडस हिच्यात नव्हतं.

"अम्माला कार्टून म्हणजे बारक्या पोरांचं वाटतं. दाखवीन, पण बसायला पायजे की ती!"

अम्मा दिवसभर विड्या वळायची. टीव्हीसमोर ती कधी बसली नाही, पण युनियनची सभा एकही चुकवली नाही.

मग मी पत्रक काढलं. 'भगिनींनो! मुलींच्या शिक्षणाच्या प्रश्नावर जाहीर सभा. चित्रपट दाखवला जाईल. प्रचंड संख्येने या!' एकही शब्द खोटा नव्हता.

रविवारी दुपारी युनियनच्या खोलीत चाळीस बायका आल्या आणि मांडीवर विड्यांची सुपं घेऊन बसल्या. चादरींच्या या गावात पडद्याला एक पांढरी चादर मिळेना! शेवटी फिकट फुलांची टांगली. नायिकेच्या नाकावर सिनेमाभर गुलाब होता.

जपानी सिनेमाखालच्या इंग्रजी ओळी मी ओरडून मराठीत सांगत होते, मैत्रीण तेलुगूत. नायिका बंदरावरच्या गावातली, आई मासळीच्या कारखान्यात. पोरीला शहरात शिकायला जायचंय आणि ती निम्मा सिनेमा आईसमोर बसून मुकाट भात खाते.

"अगं ए, बोल की आईशी!" मागून एक ओरडली.

"न्हाय बोलत. माझ्या सुनेवानी हाय ती."

"गप गं, बघू दे!"

शेवटी स्टेशनवर पोरगी आईला सांगते, तेव्हा विड्या वळणारे सगळे हात थांबले. मी भाषांतर करायचं विसरले. कुणी मागितलंही नाही.

खिडक्या उघडल्या आणि अध्यक्षबाईंनी सवयीने विचारलं, "ठराव काय?"

सभा म्हटली की ठराव आलाच, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तेवढ्यात मैत्रीण अर्ज घेऊन उभी राहिली.

"मला पुण्याला जाऊन असली चित्रं काढायला शिकायचंय. अम्मा, जाऊ दे."

"ठरावाच्या बाजूने कोण?"

चाळीस हात वर गेले. अम्माचाही! इतक्या वर्षांची सवय, हात आधीच उठला. तिने त्याच्याकडे वर बघितलं, शेजारणीचा असल्यासारखं.

"आता खाली घेतला तर?" तिने विचारलं.

"एकमताने मंजूर!" अध्यक्षबाईंनी टेबलावर थाप मारली. खोलीभर हशा उसळला. आम्ही दोघी खुर्च्यांवर चढून नाचायलाच लागलो.

"उतरा की गं, पडाल," अम्मा म्हणाली. तिने सुपातली पानं शेजारणीच्या सुपात ओतली, आपलं सूप पालथं घातलं आणि हात पुढे केला. "आण तो कागद. सही कुटं करायची?"

तो अर्ज तंबाखूच्या वासासकट पुण्याला गेला.