भिंतीवरच्या काती

कोरीटजवळ तापीकाठी माझ्या मित्राचं शेत आहे. तिथली पाण्याच्या मोटारीची खोली चुन्याने रंगवलेली. दिवाळीनंतर एखाद्या सकाळी तिच्या भिंतीवर मळकट पंखांची, चिलटांसारखी पाखरं चिकटून बसलेली दिसतात. इंग्रजीत त्यांना मेफ्लाय म्हणतात, हे मला फार उशिरा, फोनवर कळलं. महिनोन्‌महिने गाळात राहायचं आणि वर आल्यावर खायला धड तोंडही नाही, असा त्यांचा जन्म. पंख फुटल्यावरही ती पुन्हा एकदा कात टाकतात. भिंतीवर राखाडी काती उरल्या, की त्याच सांजेला ती पाण्यावर नाचणार, अंडी टाकून मरून पडणार, आणि डोहातले मोठे मासे त्यांच्यासाठी वर येणार.

हे मित्राने स्वतः हेरलं होतं आणि फक्त मला दाखवलं होतं. कोंबड्याच्या मानेचं पीस गळाला बांधून आम्ही तसंच पाखरू बनवायचो. माझ्या घरात मासा शिजत नाही. काठावरच भाजून खायचं, मातीने हात घासायचे, मग घरी.

चार वर्षांपूर्वी चहाच्या टपरीवर नदीत जाळी लावणारा मासळीचा ठेकेदार मला हसला. पिसाने मासे धरता, की त्यांना गुदगुल्या करता? चारचौघांत ते मला लागलं. शहाणपण दाखवायला मी भिंतीचं सगळं सांगून टाकलं.

पुढच्या वेळी काती पाहून आम्ही गेलो, तर डोहाभोवती जाळी. मासे वर आले ते थेट त्यांत. मित्र गळ धरून नुसता उभा. कोणी सांगितलं असेल, असं त्याने मलाच विचारलं. त्याचा धाकटा भाऊ ठेकेदाराचा ट्रॅक्टर चालवायचा. मी म्हणालो, भाऊच असेल.

तेव्हापासून मित्राने, कारणही न सांगता, भावाशी बोलणं बंद केलं. मित्राच्या मुलीच्या लग्नातही भाऊ नव्हता. पंगतीत मी वाढत होतो.

यंदा काती दिसल्या आणि मला राहवलं नाही. खोलीच्या सावलीत बसून सगळं सांगितलं. तो पिसाला दोरा गुंडाळत राहिला.

"भाऊले मी ही भिंत कधी दखाडेलच नव्हती," तो म्हणाला. "तरी मी तुन्हं खरं धरं. जाय, आते त्याले सांग."

गेलो. भावाने ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. ठेकेदाराला भिंतीचं मीच सांगितलं होतं, तू नाही, एवढं कसंबसं बोललो. रिकामा तांब्या उचलत त्याने विचारलं,

"कोनती भिंत?"