वाकडी मान

बारा वर्षं मी ही गोष्ट टाळत आलो. विचारणारं कुणी नव्हतं, त्यामुळं टाळायला फार कष्टही पडले नाहीत. आता मला चौऱ्याहत्तरावं चालू आहे, आणि ज्यांना सांगायची होती ते मागच्या पौषात गेले. म्हणून लिहितो.

माझे धाकटे साडू शिक्षक होते. घर लातुरात, शाळा अठरा किलोमीटर आत. एसटीनं फाट्यापर्यंत जायचे आणि पुढं चालायचे. निवृत्तीला चार वर्षं राहिली असताना त्यांनी आयुष्यातली पहिली मोटारसायकल घेतली. चालवता येत नव्हती. पण त्यांची एक पक्की समजूत होती: नवी गाडी पहिले हजार किलोमीटर जाणत्या हातानं चालवावी, म्हणजे तिला चांगलं वळण लागतं. घरातला जाणता हात म्हणजे मी. नांदेडला नोकरीत असताना भोकर, उमरी, देगलूर अशी फिरती मी तीस वर्षं दुचाकीवर केली आणि एकदाही पडलो नाही. हे मी प्रत्येक लग्नात सांगत असे.

गाडी मी नांदेडला आणली. आठशे नव्वद किलोमीटर झाले असतील. उमरीकडून भोकरला जाताना एका वळणावर लोकांनी सोयाबीन वाळत घातलं होतं. दरवर्षी घालतात, आणि दरवर्षी मी कडेनं जायचो. त्या दिवशी वाटलं, आपल्याला काय होतंय. गाडी घसरली आणि पुढचं चाक किलोमीटरच्या दगडावर आदळलं. माझं कोपर खरचटलं. ज्यांचं सोयाबीन होतं त्या बाईंनी आधी सोयाबीन सारखं केलं, मग मला पाणी दिलं.

दोन दिवसांवर खंडेनवमी होती. त्या दिवशी पूजेला गाडी लातूरला पोचवायचं ठरलेलं होतं.

नांदेडच्या मिस्त्रीनं आरसा, इंडिकेटर आणि वाकलेला लेगगार्ड तासाभरात बदलला. गाडी पुन्हा नवी दिसायला लागली. मी किल्ली घेतली तर तो थांबा म्हणाला आणि सुतळी घेऊन आला. मागच्या चाकाला बांधून ती दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकापर्यंत ताणली. एका बाजूला सुतळी चाकाला टेकत होती, दुसऱ्या बाजूला बोटभर फट. मग त्यानं टाकी उतरवली. हँडल चेसिसला जिथं बसतं तिथं, वायरींच्या जुडग्यामागं, रंगाला केसाएवढी चीर गेली होती.

“साहेब, हिची मान वाकडी झालीय,” तो म्हणाला. “चेसिस खोलावी लागंल. आठ दिवस लागतेत. तुम्ही चालवताल, तुमचा हात बसलेलाय. नव्या मानसाला नका देऊ.”

आठ दिवस म्हणजे लातूरला फोन करून कारण सांगणं आलं. मी टाकी बसवायला सांगितली.

लातूरच्या अलीकडं थांबून गाडी धुतली आणि हँडलला झेंडूचा हार घातला, जरा जाडच. मेहुणीनं गाडीला ओवाळलं. साडू गाडीकडं बघत हात जोडून उभे होते. पूजलेली वस्तू त्या दिवशी कामाला लावत नाहीत, ही प्रथा मला फार सोयीची गेली. दुपारच्या एसटीनं मी परतलो.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. “साडूभाऊ, गाडी डावीकडं ओढायलीय. माझंच काही चुकत असंल का?”

मी सांगितलं की नवशिक्यांचं असंच होतं, डावा हात सैल ठेवा. मेहुणी नंतर सांगायची, ते रोज सकाळी मैदानावर जाऊन डावा हात सैल ठेवायची सवय करत होते.

महिनाभरात ते शाळेसमोरच्या गतिरोधकावर पडले. सगळी शाळा बघत होती. उजवं मनगट मोडलं. फळ्यावरच्या त्यांच्या अक्षराचं केंद्रातल्या सगळ्या शाळांत कौतुक व्हायचं; त्यानंतर त्यांच्या ओळी उताराला लागल्या. लातूरच्या मिस्त्रीलाही चेसिसची मान वाकडी सापडली. ती या पडण्यानंच वाकली असं त्यानं ठरवलं, आणि साडूंनी ते मान्य केलं. मी भेटायला गेलो तेव्हा प्लास्टरमधला हात उचलून ते म्हणाले, “साडूभाऊ, माफ करा. तुम्ही एवढी जपलेली गाडी मी महिन्यात मोडली.”

“असू द्या,” मी म्हणालो. “होतं असं.”

गाडी विकली. निवृत्तीपर्यंत ते पुन्हा एसटीनं गेले आणि फाट्यावरून चालले. लग्नकार्यात आमचे मेहुणे त्यांना हमखास छेडायचे, “गुरुजी, एसटीत बसताना तरी हँडल धरत जावा.” सगळ्यांच्या आधी तेच हसायचे.

एकदा मी सांगायचं ठरवून निघालो. लोह्यापासून चाकूरपर्यंत वाक्य घोकलं. पोचलो तर शेजारी येऊन बसलेले. साडूंनी माझी ओळख करून दिली: “हे आमचे साडू. तीस वर्षांत एकदाबी पडले न्हाईत. पन माझ्यावर कधी हसले न्हाईत.” मी चहा घेतला. साखर कमी होती, तेवढं बोललो.

पौषात ते अंथरुणावर होते. मी त्यांचा उजवा हात हातात घेतला. मनगटावर हाड जुळलेल्या ठिकाणी उंचवटा लागला. मी तिथंच अंगठा ठेवून बसलो.

“थंडीत दुखतो अजून,” ते म्हणाले.

मी म्हणालो, शेकत जा.

घोकलेलं वाक्य तेव्हाही पाठ होतं, आजही आहे. साडूभाऊ, माफ करा, गाडी मी पाडली होती. तुमचा हात चांगला होता.