रंगाऱ्याची वार्षिक तपासणी

परांचीवरून पडून पाठीचा कणा मोडला आणि रंगाऱ्याचं कमरेखालचं अंग लुळं पडलं, त्याला सहा वर्षं झाली. जीभ मात्र जागच्या जागी शाबूत होती. भेटायला येणाऱ्यांविषयी त्याला काडीचा आदर नव्हता. शेजारी "हिंमत ठेवा हं" म्हणून दाराबाहेर पडला, की हा लगेच त्याच्याच गेंगाण्या आवाजात सुरू, "हिंमत ठेवा हं, मी निघतो हं, माझी गाडी आडवी लावलीय हं!"

एकट्या सिस्टरची नक्कल त्याने कधी केली नाही. ती रोज सकाळी यायची, लघवीची नळी बघायची, पडून पडून माकडहाडापाशी झालेली जखम धुवायची. हात स्वच्छ, बोलणं मोजकं. मागच्याच आठवड्यात ती म्हणाली होती, "आठ दिवस मी आले नाही, तर ही हाडाला लागेल."

ती येणार की नाही हे ठरवायचा आरोग्य कार्यालयाचा तपासनीस. तो वर्षातून एकदा फॉर्म घेऊन उगवायचा.

तो येणार म्हटल्यावर बायकोने पहाटेपासून घर आवरायला घेतलं. पाहुणा येणार म्हणजे सगळं दडवायचं, ही त्या घराची रीतच. ड्रेसिंगचं सामान कपाटात गेलं. हवेच्या गादीवर फुलाफुलांची चादर आली. लघवीची पिशवी पायाशी पांघरुणाखाली गेली. रंगाऱ्याच्या अंगात इस्त्रीचा शर्ट आणि तोंडाला पावडर.

"बोहल्यावर चढवतेस का मला?"

"अहो, चार माणसांत बरं दिसायला नको?"

ती पिशवी परक्या माणसाने बघू नये, असं त्यालाही वाटत होतंच. सिस्टरलासुद्धा त्याने त्या दिवशी काम उरकून लवकर पिटाळलं होतं.

तपासनीस आला. खुर्चीवर आधी रुमाल पसरला, मग स्वतः पसरला.

"आपण... स्वतःच्या हाताने जेवता?"

"जेवतो."

"दाढी?"

"मीच केली."

बोलवायला कोणी गेलं नव्हतं, तरी मेव्हणा हजर होताच. तो मध्ये तोंड घालून म्हणाला, "साहेब, आमचे भावोजी म्हणजे वाघ! परवा व्हीलचेअरवरून गल्लीच्या टोकापर्यंत!"

"वा, वा! प्रगती!" तपासनीसाचं पेन सुसाट सुटलं. "मग सिस्टर आता दुसऱ्या कुणाला देता येईल, नाही का? समाधानकारक... सुधारणा..."

बायकोने पुढे केलेला पाण्याचा पेला मागे घेतला.

रंगाऱ्याने अंगावरच्या शर्टाकडे पाहिलं. ओल आलेल्या भिंतीवर नुसता रंग फासून मालकाला गंडवणारे भुक्कड कामगार त्याने आयुष्यभर शिव्या घालून हाकलले होते. आज त्याने तेच केलं होतं, तेही स्वतःच्या अंगावर.

"पांघरूण काढ," तो म्हणाला.

"अहो, साहेब बसलेत!"

"म्हणून तर. काढ, आणि मला कुशीवर कर. ए वाघवाल्या, पाय धर."

मेव्हण्याने पाय असे ओढले, जणू ट्रकमधून पोतं उतरवतोय. लुळे असले तरी पेटक्याने पाय आपोआप थडथड उडायला लागले. मेव्हणा किंचाळून मागे. पिशवी लोंबकळली. बायकोने पट्टी सोडवली.

"साहेब, या असे इकडे. घाबरताय काय, आपण अधिकारी आहात!"

तपासनीस खुर्चीवरचा रुमाल नाकाला लावून दोन पावलं पुढे आला आणि लगेच तीन मागे गेला.

"किती खोल लिहाल? रकाना आहे?"

"तसा... रकाना नाही."

"दाढीला आहे. जखमेला नाही. कोण दीडशहाण्याने छापलाय हो हा कागद?"

"हे आपण आधी सांगायचं ना," तपासनीस रुमालातूनच पुटपुटला.

"आधी तुम्हाला माझ्या गालाचं कौतुक होतं."

तपासनीसाने लिहिलेलं खोडलं. 'सिस्टरची भेट रोज आवश्यक' असं लिहून खाली सही ठोकली. रंगाऱ्याने कागद समोर धरायला लावला, दोनदा वाचला, मगच त्याला सोडलं. साहेबांना पोचवायच्या निमित्ताने मेव्हणाही सटकला.

बायको पट्टी बांधताना डोळे पुसत होती. "सगळं उघडं टाकलंत त्या माणसापुढे."

"माणूस कसला, रबरी शिक्का तो," रंगारी उशीत तोंड खुपसून म्हणाला. "हवेच्या गादीवरची ती फुलं आधी काढ. रुततात मला."